जनुकांचा बटवडा



ज्या सद्‌गृहस्थांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची सारी हयात डाकतार खात्याच्या चाकरीत गेली. ऐन तारुण्यात ते नागपूरकडून दिल्लीस आले, गोल मार्केटच्या सरकारी चाळवजा बिऱ्हाडात राहिले, पहाडगंजातल्या गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करीत दारोदार हिंडले, आणि निवृत्त झाल्यावरही कोणाचे पत्र हरवले की ते कोणत्या टप्प्यावर हरवले असावे याचा तर्क करण्यात तासन्‌तास रमत असत. पत्र लिहिण्यापेक्षा ते ठरल्या माणसाच्या हाती पडणे ही अधिक अवघड गोष्ट आहे, हा त्यांचा आवडता सिद्धान्त होता. मी रसायनशास्त्राचा मास्तर. चाळीस वर्षे खडू आणि परीक्षानळी यांपलीकडे माझी मजल गेली नाही. तेव्हा त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून काय बोलावे असा प्रश्न चालकांनी माझ्यापुढे टाकला, त्या वेळी मला त्यांचा तो सिद्धान्तच आठवला. कारण गेली तीस-पस्तीस वर्षे रसायनशास्त्रज्ञांची एक शाखा नेमक्या याच विवंचनेत गढलेली आहे. त्यांचे पत्र म्हणजे जनुक, पत्ता म्हणजे रोग्याच्या शरीरातील विशिष्ट पेशी, आणि टपालवाला म्हणजे प्रथिनाचा एक घडवलेला तुकडा.

दिल्लीत बसून मराठी माणसाने टपालाचा विचार करायचा तर हिंगण्यांचे स्मरण अटळ आहे. महादेवभट हिंगणे आणि त्यांचे पुत्र हे पेशव्यांचे वकील म्हणून या शहरात राहिले, आणि बादशाही दरबारातील खलबते त्यांनी पुण्यास कळविली. ती पत्रे आज छापील स्वरूपात आपणांस वाचावयास मिळतात. ती वाचताना आपण मजकुराकडे पाहतो. पण प्रत्येक कागदामागे एक जासूद होता, त्याच्या वाटेत नद्या होत्या, नाकी होती, दस्तकाशिवाय पुढे न सोडणारे चौकीदार होते, आणि पत्र फोडून वाचणारे शत्रूही होते. पानिपतच्या संहाराची वार्ता नानासाहेब पेशव्यांना सरकारी डाकेने नव्हे, तर वाटेत गाठलेल्या एका सावकाराच्या जासुदाकडून कळली, असे इतिहासकार सांगतात. यातले मर्म मी पुढे उपयोगात आणणार आहे, म्हणून ते ध्यानी ठेवावे.

आता जनुकाच्या पत्राकडे वळू. ते लिहिणे एकेकाळी दुर्घट होते. आज ते हुकुमाबरहुकूम लिहून मिळते. परंतु डीएनए हा रेणू स्वभावतः प्रवासाला नालायक आहे. त्याच्या कण्यात फॉस्फेटचे गट असतात आणि प्रत्येक गटावर ऋण विद्युत्भार असतो. पेशीचा पृष्ठभागही साखरेच्या लांबट साखळ्यांमुळे ऋणभारितच असतो. आणि सजातीय भार एकमेकांस दूर लोटतात हे शाळेतले पोरही सांगेल. पाच हजार अक्षरजोड्यांचे एक साधे जनुकवलय उलगडून सरळ केले तर त्याची लांबी पावणेदोन मायक्रोमीटरच्या घरात जाते, आणि पेशीने ते गिळावयाचे तर त्याची गुंडाळी सुमारे शंभर नॅनोमीटरची व्हावी लागते. बरे, पेशीने गिळले म्हणजे काम झाले असेही नाही. गिळलेला माल एका पिशवीत पडतो, त्या पिशवीत हळूहळू आम्ल वाढत जाते, आणि पुढल्या टप्प्यावर त्याची वासलात लावणारी विकरे वाट पाहत असतात. तेथून वेळीच निसटावे, मग केंद्रकाची वेस ओलांडावी, आणि एवढे झाल्यावर वाहकाने आपली मिठी सैल करून पत्र मोकळे करावे, तेव्हा कोठे ते वाचले जाणार. जो वाहक वाटेत पत्र घट्ट धरून ठेवतो तोच मुक्कामाला पोचल्यावर ते सोडण्यास नाखूश असतो. या एका विरोधाभासापायी कित्येक विद्वानांचे आयुष्य खर्ची पडले आहे.

निसर्गाने हे काम विषाणूंकडे केव्हाच सोपविले होते. विषाणू हा त्या सावकाराच्या जासुदासारखा आहे. शतकानुशतके स्वतःच्या व्यापारापायी त्याने साऱ्या आडवाटा पायाखाली घातलेल्या असतात. म्हणून १९९० सालच्या सप्टेंबरात अमेरिकेत चार वर्षांच्या एका बालिकेवर जनुकोपचाराचा पहिला अधिकृत प्रयोग झाला, तेव्हा तिच्या रक्तपेशी बाहेर काढून विषाणूच्याच करवी त्यांत जनुक घालण्यात आले. परंतु सावकाराचा जासूद शेवटी सावकाराचाच. १९९९च्या सप्टेंबरात फिलाडेल्फियात जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा तरुण अ‍ॅडिनोविषाणूवर बेतलेल्या वाहकाची मात्रा टोचून घेतल्यावर चार दिवसांत मरण पावला. पॅरिसच्या अशाच प्रयोगांत बऱ्या झालेल्या काही बालकांना पुढे रक्ताचा कर्करोग झाला, कारण विषाणूने जनुक नको त्या जागी नेऊन रुजविले होते. या धक्क्यानंतर रसायनशास्त्रज्ञांना पुन्हा विचारणा होऊ लागली. विषाणूवाचून, केवळ रसायनाच्या बळावर, भरवशाचा हरकारा घडविता येईल काय?

याच सुमारास आपल्या दिल्लीत, विद्यापीठानजीकच्या मॉल रोडवर, वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची एक जुनी प्रयोगशाळा नवे नाव धारण करीत होती. जैवरासायनिक द्रव्ये तयार करून पुरविणे हे जिचे मूळचे काम, ती संस्था समीर ब्रह्मचारी यांच्या कारकीर्दीत जनुकसंहितेच्या अभ्यासाकडे वळली आणि ‘इन्स्टिट्यूट ऑफ जिनॉमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायॉलॉजी’ झाली. जीवशास्त्राच्या या घरात रसायनाचे शिक्षण घेतलेली जी मंडळी राहावयास आली, त्यांत डॉ. मुनिया गांगुली या एक. गांगुलीबाईंच्या खाजगी चरित्राशी आपल्याला कर्तव्य नाही, आणि मला ते ठाऊक असल्याचा आवही मी आणत नाही. परंतु विद्वानाचे खरे चरित्र त्याच्या प्रबंधांच्या अनुक्रमात असते, आणि तो अनुक्रम पाहण्याजोगा आहे.

२००४ साली सौविक मैती या रसायनशास्त्रज्ञ सहकाऱ्यासमवेत त्यांनी प्रसिद्ध केलेला एक निबंध सोन्याच्या सूक्ष्म कणांविषयी आहे. या कणांवर धन विद्युत्भार चढवून ते डीएनएच्या धाग्याशी कसे लगटतात, हे त्यांनी अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपखाली पाहिले. हे यंत्र प्रकाशाने पाहत नाही. एक अतिसूक्ष्म सुई पृष्ठभागावरून फिरते आणि अंधाने बोटांनी वस्तू चाचपावी त्याप्रमाणे त्या धाग्याचे उंचसखल आपणांस सांगते. रोग्याचा येथे मागमूस नाही, पेशीचाही नाही. केवळ अभ्रकाच्या सपाट तुकड्यासारख्या एखाद्या पाटावर पडलेला धागा आणि त्याला बिलगलेले कण. चार वर्षांनी, २००८ मध्ये, सोन्याची जागा लायसिन या अ‍ॅमिनो आम्लाच्या साखळीने घेतलेली दिसते: साखळी आखूड असली तर काय, लांब असली तर काय, डीएनए विरळ असला तर गुंडाळी कशी होते आणि दाट असला तर कशी, याचा एकेका रेणूच्या पातळीवर केलेला तपास. बाहेरच्या माणसाला हे सारे दोरीची गाठ मारण्याचा चार वर्षे अभ्यास करण्यासारखे वाटेल. मला मात्र यात रसायनशास्त्राचे शील दिसते. टपालवाल्याला वर्दी देण्याआधी थैलीच्या कापडाचा आणि शिवणीचा पक्का हिशेब लागला पाहिजे, हा तो बाणा.

त्या हिशेबाचे फळ २०११च्या निबंधात येते, आणि येथे मी थोडा रेंगाळणार आहे. लायसिन आणि आर्जिनिन ही दोन्ही धनभारित अ‍ॅमिनो आम्ले. पुस्तकी न्यायाने पाहता एकाच्या जागी दुसरे वापरले तर मोठा फरक पडू नये, कारण भार तर तेवढाच आहे. गांगुलीबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्हींच्या तीन-तीन लांबींच्या साखळ्या घेतल्या, त्यांनी डीएनए बांधून पाहिला, आणि मग तो सुटतो कसा तेही पाहिले. लायसिनच्या बाबतीत सुटका साखळीच्या लांबीवर अवलंबून निघाली. आर्जिनिनच्या साखळ्यांनी मात्र लांबी कोणतीही असो, डीएनए पुरतेपणी सोडून दिला. पत्र बांधण्याइतकेच ते सोडण्याचे कौशल्य महत्त्वाचे, आणि ते भाराच्या बेरजेत नसून तो भार रेणूच्या कोणत्या गटावर, कोणत्या आकृतीत बसला आहे यात आहे, हे त्यातून दिसून आले. आमच्या पिढीने दिल्ली विद्यापीठात रसायन शिकले तेव्हा त्या विभागावर १९४९ साली येथे आलेल्या शेषाद्रींची छाया होती. वनस्पतींतील रंगद्रव्यांची रचना उकलताना एका हायड्रॉक्सिल गटाच्या स्थानासाठी ती मंडळी वर्षानुवर्षे झगडत. गटाच्या स्थानावरून रेणूचा स्वभाव ठरतो, हा त्यांचा धडा मॉल रोडच्या पलीकडच्या अंगाला पेप्टाइडांच्या निमित्ताने पुन्हा गिरविला जात होता, हे मला फार उशिरा कळले.

नंतर प्रश्न आणखी नाजूक झाला. २०१३ आणि २०१४ या दोन वर्षांत या प्रयोगशाळेने अशी पेप्टाइडे योजिली की ज्यांच्या अंगी एकाच वेळी जलप्रेम आणि स्नेहप्रेम दोन्ही नांदावीत, म्हणजे पेशीच्या स्निग्ध पटलाशी त्यांना सलगी करता यावी. त्यांत कोठे हिस्टिडिन घालावे, कारण ते आम्ल वाढू लागताच प्रोटॉन ओढून घेते आणि पिशवी फुटण्यास साह्य करते. कोठे सिस्टीन घालावे, कारण सिस्टीनमधील गंधकाचे अणू एकमेकांशी दुवा साधतात आणि पेशीच्या आतील वातावरणात तो दुवा आपोआप तुटतो. अशी ही गंधकाची गाठ बाहेर पक्की आणि आत जाताच ढिली. कल्पना इतकी मोहक आहे की ती सर्वत्र यशस्वी व्हावी असे कोणालाही वाटेल. परंतु २०१४च्या निबंधाच्या मथळ्यातच कबुली आहे की सिस्टीनच्या योजनेचे परिणाम परस्परविरुद्ध निघाले: एका पेप्टाइडाला जे मानवले ते दुसऱ्याला बाधले. अशी कबुली मथळ्यात छापणाऱ्या संशोधकांविषयी मला आदर वाटतो.

याच गंधकाच्या दुव्याची दुसरी एक कथा आहे आणि ती एका गोखल्यांची आहे. राजेश सुधीर गोखले हे मुंबईच्या आयआयटीतून जैवतंत्रशास्त्राची पदवी घेऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेले आणि तेथे त्यांनी पी. बलराम यांच्या हाताखाली प्रथिनाची कारागिरी शिकली. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात थायमिडिलेट सिंथेज या विकराचे दोन अर्धे जेथे एकमेकांस चिकटतात त्या सीमेवर गंधकाचे दोन दुवे मुद्दाम घडविले होते, आणि त्यामुळे ते विकर उष्णतेत अधिक टिकाव धरू लागले. म्हणजे बंगळुरात जो दुवा खिळा म्हणून ठोकला, तोच दिल्लीत सुरगाठ म्हणून बांधला गेला. रसायन एक, हेतू दोन. गोखले पुढे स्टॅनफर्डला चैतन खोसला यांच्या प्रयोगशाळेत गेले. प्रतिजैविके घडविणाऱ्या अजस्र विकरांचे खण एकमेकांशी कसे संधान बांधतात आणि ते खण आपल्या मर्जीप्रमाणे कसे जोडता येतील, यावरचे त्यांचे काम १९९९ मध्ये गाजले. तेथून ते दिल्लीस राष्ट्रीय प्रतिरक्षा संस्थेत आले, क्षयाच्या जंतूच्या स्निग्ध द्रव्यांमागे लागले, २००६ साली भटनागर पारितोषिकाचे मानकरी झाले, मग जिनॉमिक्सच्या संस्थेचे संचालक, आणि २०२१ अखेर भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाचे सचिव. विद्वानाने दप्तरखान्यात जावे की न जावे याविषयी माझे मत प्रतिकूलच आहे. पण गोखल्यांच्या बाबतीत ते मत मी जरा सैल करतो, कारण संचालकपदावर असतानाही ते बाकावरून उठले नव्हते.

याचा पुरावा २०१६चा एक निबंध. त्यात गांगुलीबाईंच्या नावासमवेत गोखल्यांचेही नाव आहे, आणि विषय आहे त्वचेत सुईवाचून जनुक पोचविण्याचा. त्वचा हा शरीराचा कोट. तिचा सर्वांत बाहेरचा मृत थर कागदाहूनही पातळ असतो, पण मृत पेशींच्या विटा आणि मेदाचा चुना यांनी तो असा बांधलेला आहे की बाहेरच्या मोठ्या रेणूला तेथून शिरकाव मिळणे जवळजवळ अशक्य. या मंडळींनी पेप्टाइडाने गुंडाळलेला डीएनए त्वचेवर नुसता लावला, आणि कोटाला खिंडार न पाडता तो आत पोचला. कोड किंवा त्वचेचे आनुवंशिक विकार यांवर लेपाच्या रूपाने जनुक देता यावे, ही त्यामागची दूरची आशा. ती आशा आहे, औषध नव्हे. यांतला भेद मी आपणांपासून लपवू इच्छीत नाही.

येथे थोडे आत्मवृत्त. नव्वदीच्या दशकात मीही प्रथिनांच्या तुकड्यांवर एक बेताचा प्रकल्प आखला होता आणि तो एका कचेरीकडे रुजू केला होता. रसायनाच्या समितीने तो जीवशास्त्राचा म्हणून परत केला. जीवशास्त्राच्या समितीने त्यावर ‘रसायन’ असा शेरा मारून तो पुन्हा पहिल्या टेबलावर धाडला. तीन वर्षे हा कागद एकाच इमारतीच्या दोन मजल्यांमध्ये येरझारा घालीत राहिला. त्या कागदाच्या प्रवासाची तपशीलवार हकिकत मी या व्याख्यानमालेच्या स्मरणीय गृहस्थांना ऐकवली होती. ते खो-खो हसले आणि म्हणाले की पत्ता दुहेरी असला की पत्र पत्त्यावाचूनचेच समजावे. मी तो नाद सोडला. ज्यांनी सोडला नाही त्यांच्याविषयी मी आज बोलतो आहे, यात थोडा मत्सर मिसळलेला असेल तर आपण तो क्षम्य मानावा.

आता विषय दिल्लीतून आपल्या मुलखात येतो. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या जिल्ह्यांना सिकलसेलचा परिचय करून द्यावयाची गरज नाही. हीमोग्लोबिनच्या एका साखळीतील सहाव्या स्थानावरचे एक अ‍ॅमिनो आम्ल बदलते, जनुकाच्या मजकुरात त्याला कारण केवळ एका अक्षराची चूक, आणि तेवढ्याने रक्तपेशी विळ्यासारखी वाकडी होऊन केशवाहिन्यांत अडकते. हा रेणूचा रोग आहे असे १९४९ साली प्रथम म्हणणारा लायनस पॉलिंग हाही रसायनशास्त्रज्ञच. भारतात हा दोष १९५२ साली निलगिरीच्या वनवासी समाजांत प्रथम आढळला. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३च्या १ जुलैला मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झाली.

अक्षराची चूक सुधारणारी कात्री म्हणजे कॅस-नऊ हे प्रथिन. जिनॉमिक्सच्या संस्थेत देबज्योती चक्रवर्ती आणि पूर्वी उल्लेखिलेले सौविक मैती यांनी फ्रान्सिसेला नोविसिडा या जंतूचे कॅस-नऊ निवडले, कारण ते चुकीच्या जागी सहसा कापत नाही. याच प्रथिनाच्या साहाय्याने २०२० साली त्यांनी करोनाची ‘फेलुदा’ चाचणी उभी केली, आणि तिला सत्यजित राय यांच्या गुप्तहेराचे नाव मिळाले, हे आपणांस आठवत असेल. पुढे त्यांनी त्या प्रथिनातील काही अ‍ॅमिनो आम्ले बदलून अधिक लवचीक वर्तनाचे अवतार घडविले आणि ते काम २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु पुन्हा आड येतो तो टपालवालाच. हे प्रथिन १,६२९ अ‍ॅमिनो आम्लांचे आहे, म्हणजे त्याचे जनुक झाले सुमारे ४,९०० अक्षरांचे. आणि जनुकोपचारात सर्वांत लोकप्रिय असलेल्या एका चिमुकल्या विषाणूच्या थैलीत जेमतेम ४,७०० अक्षरे मावतात. कात्री उत्तम, पण थैलीबाहेर तिची मूठ राहते.

परदेशी कंपन्यांनी यावर जो तोडगा काढला तो चतुर आहे आणि क्रूरही आहे. पत्र घरी पोचत नसेल तर घरमालकालाच कचेरीत बोलवा: रोग्याच्या अस्थिमज्जेतील मूळपेशी बाहेर काढायच्या, विजेच्या धक्क्याने त्यांच्या पटलाला क्षणभर छिद्रे पाडून कात्री आत घालायची, आणि जहाल औषधाने रोग्याची उरलेली मज्जा जाळून मग त्या पेशी परत द्यायच्या. ब्रिटनने २०२३च्या नोव्हेंबरात या उपचाराला मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लक्ष डॉलर ठरली. गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या माडिया आदिवासी मुलाला हे ऐकवण्यात अर्थ नाही. त्याच्यासाठी घरपोच टपालच हवे, दंडात टोचण्यापुरते, तालुक्याच्या दवाखान्यात देता येईल असे. २०२५ साली अमेरिकेत एका तान्ह्या बालकाच्या यकृतातील जनुक मेदाच्या सूक्ष्म कणांतून कात्री पाठवून शरीरातच सुधारण्यात आले, तेव्हा ही गोष्ट स्वप्नवत राहिलेली नाही. फक्त यकृताची पेठ सोपी आणि मज्जेची अवघड. तेथे वाट दाखवायची तर मज्जेच्या पेशीला ओळखणारे प्रथिन वाहकाच्या अंगावर बसवावे लागेल, आणि ते काम लायसिन व आर्जिनिन यांतला भेद ज्यांनी वर्षानुवर्षे तपासला त्या घराण्यातल्या माणसांचे आहे. माझे म्हणणे एवढेच की कात्री बनविणाऱ्याचा सत्कार करताना थैली शिवणाऱ्याला मांडवाबाहेर उभे करू नये. अनुदानाच्या वाटपात आजवर ते पुष्कळदा घडले आहे.

२०२५च्या नोव्हेंबरात, बिरसा मुंडा यांच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्ताने, दिल्लीच्या या संस्थेने सिकलसेलवरील स्वदेशी जनुकोपचाराला ‘बिरसा १०१’ असे नाव दिल्याचे जाहीर झाले, आणि त्यामागील तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या स्वाधीन करण्याचा करार झाला. हिंगण्यांच्या काळाप्रमाणे पुन्हा एकदा दिल्लीचा खलिता पुण्याकडे निघाला आहे. पुण्याहून धानोरा, एटापल्ली, अक्कलकुवा हे टप्पे अद्याप बाकी आहेत, आणि ते करारपत्राने ओलांडले जात नाहीत.

या सभागृहात आजी-आजोबांची संख्या बरीच दिसते. २६ सप्टेंबर हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचा स्थापनादिन. त्या सुमारास तिच्या प्रयोगशाळा शाळकरी मुलांना आत येऊ देतात. जिनॉमिक्स संस्थेचे नवे आवार मथुरा रस्त्यावर, सुखदेव विहारच्या मेट्रो स्थानकापासून जवळ आहे. पत्रास दिल्लीत कोणी हात घातला हे पाहण्यासाठी नातवंडांना तेथे घेऊन जावे, आणि त्या सुईने चाचपणाऱ्या यंत्रापुढे त्यांना पाच मिनिटे उभे करावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.